राखेचं वजन

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम दरखम बंदर, मुलूख सारवंद
ता. ६ जानेवारी १९३०

तीर्थस्वरूप अक्काचे चरणी धाकटा भाऊ सोमलिंग याचा शि. सा. न. वि. वि.

मी हितं खुशाल हाय. तुझी, दाजींची आन् अव्वाची खुशाली कळवत जावी. अक्षराला हसू नको. दुसरीत मास्तरांनी कान उपटला आन् मी शाळेतनं पळालो, तवापासनं ते तसंच वाकडं हाय.

अव्वाला सांग, तुझ्या लेकाला गिरणी चांगली मिळाली. ही आधी पुजाऱ्यांची होती. हितं पिढ्यान् पिढ्या देवाच्या नावानं राज्य चाललं. पुजारी तोच राजा, त्याला अग्निपती म्हणायचे. रोज सकाळी त्याच्या अग्निघरातली राख विकत घ्यायची आन् कपाळाला लावायची. ज्याच्या कपाळी राख न्हाय त्याला विहिरीवर पाणी न्हाय. कुणी नको म्हटलं तर निखाऱ्यासकट राख कपाळावर थापायचे. तसले डागाचे लोक अजून रस्त्यानं दिसतात. मग लोक उठले, अग्निघर विझवलं, अग्निपती पळाला आन् लोकांचं राज्य आलं. आता कुणी कुणाच्या पाया पडत न्हाय. गिरणीचा मोठा साहेबसुदिक आमच्याच पंगतीला बसतो. मला तर हे लई आवडलं. आपल्यातबी मधी पुजारी नकोच म्हणतात की. ज्याचा देव त्याच्या गळ्यात.

पण अक्का, राखेची भीती काय गेली न्हाय. पळालेल्या अग्निपतीची माणसं चोरून राख वाटतात आन् त्या खुणेवर एकमेकाला ओळखतात, असं हितं बोलतात. ज्याच्यापाशी सुकी राख सापडली तो फितूर. चुलीतली राखसुदिक पाणी ओतून, चिखल करून टाकावी लागते. तुझं मागचं पत्र टपालात फोडलं. मराठी वाचता कुणालाच येत न्हाय, पण झटकून बघतात. त्यातनं अव्वाची विभूतीची चिमूट टेबलावर पडली. कारकून साप बघितल्यागत खुर्चीवरनं उठला. मी म्हटलं, आमच्याकडं शाई सुकवायला ही भुकटी टाकतात. त्यानं सोडलं, पण मी पाठमोरा होईस्तोवर माझ्याकडं बघत राहिला.

गळ्यातलं लिंग मी, अव्वानं मारलेली दोऱ्याची गाठ न सोडता, फडक्यात गुंडाळून बंडीच्या आत काखेपाशी बांधलंय. आंघोळ सगळ्यांच्या आधी उरकतो. हे फक्त जोतीरामला ठाऊक. हा माढ्याकडचा धनगर, माझ्यासंगच आगबोटीनं आला. आमची खाट शेजारी शेजारी. तो मला देव लपवणारा वाणी म्हणतो, मी त्याला मेंढरांचा मामलेदार.

तर अव्वाच्या पाया पडून सांग, राख धाडू नको. हे पत्र एका खलाशाच्या हाती देतोय, तो मुंबईला पेटीत टाकील. माया हाय तशीच ओली ठेवावी, ही विनंती.

तुझा सोमलिंग


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ९ फेब्रुवारी १९३०

चि. सोमलिंग यास अक्का नागम्माचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले.  मोहोळच्या दुकानात पाडव्याला लागलास आणि आषाढात पळालास. इथल्या गिरणीत जॉबर मुकादमाशी भांडून आलास. तुझे दाजी म्हणतात, सोमलिंग म्हणजे चुलीवरचे दूध, जागेवर राहायचे नाही. आता समुद्रापलीकडे जाऊन बसलास. तिथून पळायचे म्हटले तर पुढे जमीन तरी आहे का, बाबा?

अव्वाला पत्र वाचून दाखवताना मी राखेचा भाग गाळला. तिला तुझी काळजी लागली की ती जेवण टाकते, ठाऊक आहे ना? विभूती घालायची नाही एवढे तर सांगायलाच हवे होते. म्हणून म्हटले की टपालाचा काटा आता कडक झालाय, राखेने पाकिटाचे वजन वाढते आणि पत्र परत येते. ती म्हणाली की एवढ्याशा राखेचे मेले कसले वजन! पण मान डोलावली. तेव्हा त्या बाबतीत तू निश्चिंत राहा. माझी शपथ.

एका ओळखीच्या माणसाबरोबर मुंबईपर्यंत आणि पुढे आगबोटीने गाठोडे पाठवते आहे. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि दाजींच्या मागावरची एक चादर. अव्वाने सगळे स्वतःच बांधले. मला हातसुद्धा लावू दिला नाही, तू भाकऱ्या मोडशील म्हणाली. पत्ता तुमच्या गिरणीच्या चाळीचा घातला आहे, नाव आपल्या मराठी अक्षरात. जोतीरामलाही दे. त्याला म्हणावे, माझ्या भावाला सांभाळ, तो वेडा आहे.

तुझा लोभ आहेच, तो पाण्यापलीकडे गेला म्हणून पातळ होऊ नये.

तुझी अक्का


दरखम
ता. ८ मे १९३०

ती. अक्काचे चरणी शि. सा. न. वि. वि.

अक्का, हे तू काय केलंस?

गाठोडं आलं म्हणून सांगावा मिळाला. मी आन् जोतीराम बंदरावरच्या जकातघरात गेलो. भाकरीच्या आशेनं जोतीरामला दम न्हवता, पुढं होऊन गाठोडं त्यानंच काखोटीला मारलं. जकातीच्या माणसानं सोडायला लावलं. वरची भाकरी मोडली, खाल्ली, हसला. जोतीरामनं त्याला चटणी चाखवली. त्याच्या डोळ्यातनं धार लागली, सगळं जकातघर हसलं. मीबी हसलो. मग त्यानं भाकऱ्यांची चळत उचलली आन् मधनं विभूतीची पांढरी वडी खाली पडली. मधल्या भाकऱ्यांना वाटीनं कापल्यागत गोल भोकं पाडून त्यात बसवली होती. लपवलेली, अक्का. भाकरीत लपवलेली राख.

कुणी हसंना. एक बाई तिथंच रडायला लागली. गाठोडं कुणाचं म्हणून विचारलं. मी खाली बघितलं. जोतीराम म्हणाला, माझं.

नेताना तो आपल्या भाषेत ओरडला. म्हणाला की गप ऱ्हा, लिंगप्पा. तुझी बंडी काढली तर ह्यांना दगड सापडंल आन् मग दोघंबी जाऊ. माझ्या गळ्यात मळाशिवाय काय सापडायचं?

आता त्याला पंचांपुढं उभा करायचाय. फितूर ठरला तर मिठागर. तिथनं आलेल्या एकाला मी बघितलंय, डोळ्यांच्या कडा उसवल्यागत लाल, पावलं फाटलेली. मी रोज गिरणीत जातो, सूत जोडतो, ते पुन्हा तुटतं. त्याची खाट शेजारी मोकळी. जाऊन खरं सांगावं वाटतं, चौकापर्यंत जातो, परत येतो. तू शपथ घेतली होतीस. मग वडी कुणी घातली? लिहून धाड.

लोभ मागायला आज तोंड न्हाय.

सोमलिंग


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १९ मे १९३०

चि. सोमलिंग यास अ. आ. वि. वि.

तुझे बरेच दिवसांत पत्र नाही. पाठवले असलेस तर इथल्या गडबडीत अडकले असेल. सोलापुरात लष्करी कायदा लागला आहे. रस्त्याने गोरे शिपाई फिरतात. पांढरी टोपी दिसली की काढून घेतात, मारतात, धरून नेतात. तू राखेचे लिहिलेस तेव्हा मला वाटले होते, कसला विचित्र मुलूख! आता आमच्याकडे टोपीचे तेच झाले.

तुझे दाजी जवळजवळ गेलेच होते. त्यांची टोपी धुऊन मी परसात वाळत घातली होती, काढायची राहिली. शिपाई गल्लीत शिरले ते थेट घरात. बरोबरच्या दुभाष्याने विचारले, ही कुणाची. दाजी आत कोठीत.  तेवढ्यात अव्वा पदर खोचून पुढे झाली आणि म्हणाली की टोपी माझी आहे, म्हातारपणी डोक्याला वारा लागतो. एवढेच नाही, टोपी घेऊन आपल्या पांढऱ्या केसांवर चढवली. दुभाष्याला हसू आवरेना. गोऱ्याने टोपी हिसकली, बंदुकीच्या दस्त्याने तिला बाजूला ढकलले आणि निघून गेले. तिचा खांदा सुजला आहे. स्वतःच हळदीचा लेप लावते आहे, आणि वर मलाच रागे भरते की रडतेस कशाला, टोपी गेली, डोके तर आहे.

लेप लावताना तिने विचारले की दोन वीत कापडाला सरकार का भिते? तेव्हा माझ्याने राहवले नाही. तुमच्याकडच्या राखेचे सगळे खरे सांगितले. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. मग म्हणाली की नागम्मा, तू तर वजनाचे म्हणाली होतीस ग. पत्राला वजन, गाठोड्याला कसले, म्हणून मी भाकऱ्यांत वडी बसवली. फुटू नये म्हणून भोके पाडली.

सोमू, लपवायची म्हणून नाही रे, फुटू नये म्हणून. चूक माझी आहे, तिची नाही. गाठोडे पोचले नसेल तर जकातघराकडे फिरकूच नको. पोचले असेल तर वडी पाण्यात विरघळव, आत्ताच्या आत्ता. अव्वा तेव्हापासून जेवलेली नाही. लिंगपूजेला बसते ती उठतच नाही. मी दाराकडे बघत बसते. बुटांचा आवाज आला तरी भीती वाटते, आणि टपालवाल्याची चाहूल लागली तर जास्तच.

जिथे असशील तिथे आमची माया तुझ्या पाठीशी उभी आहे असे समज.

तुझी अक्का


दरखम
ता. १७ जून १९३०

ती. अक्काचे चरणी व अव्वाचे चरणी शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कुणी फोडलेलं नसंल. जोतीराम स्वतः घेऊन येतोय. त्याला आधी जेवाय घाल, मग वाच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पंच बसले होते. अव्वानं टोपी डोक्यावर घातली ते वाचलं, पुन्यांदा वाचलं, आन् चौक ओलांडून गेलो. अक्का, मला कुणी धीट म्हणू नये. दारातनं मी भिंतीला धरून आत शिरलो.

पंचांत एक बाई होती. तिच्या कपाळावर चार बोटांचा डाग, कातडी आळलेली. तिच्यापुढं टेबलावर आपली वडी. ती वडीकडं बघतच न्हवती, नजर चुकवून बसली होती. तवा मला कळलं, मी तिला भितोय आन् ती त्या वडीला. मी म्हटलं, राख माझी. माझ्या आईनं धाडली. ह्याचा काय संबंध न्हाय. बाजूला उभा केलेला जोतीराम तिथनंच मला शिव्या द्यायला लागला, की मूर्खा, एवढे दिवस मी काय गंमत म्हणून आत बसलो व्हय? दुभाष्यानं शिव्याबी भाषांतर करून सांगितल्या.

मग त्यांनी बंडी काढायला लावली.

लिंग बघून सगळे उभे राहिले. बाईनं विचारलं, हे कोण विकतं. म्हटलं, कुणी न्हाय, पाळण्यात असताना बांधलं. मग विचारलं, न्हाय बांधलं तर काय करतात. मी म्हटलं, आई जेवत न्हाय.  बाई म्हणाली की तू फितूर न्हाईस एवढं मला पटलं, पण आज तुला तसाच सोडला तर उद्या अग्निपतीची माणसं राख आईची म्हणून सांगतील. म्हणून तिनं दोन वाटा दिल्या. दगड टेबलावर ठेवायचा आन् आजच्या आगबोटीनं जोतीरामसंगं घरी जायचं. न्हाईतर जोतीराम जाईल आन् मी वर्सभर मिठागरावर.

मी हात गाठीला घातला, अक्का. खोटं सांगत न्हाय. सोलापूर डोळ्यापुढं होतं, तव्यावरची भाकरी होती.  पण ती गाठ अव्वानं मारलेली, मला कवाच सुटली न्हाय. मी हात खाली घेतला.

बाईनं मग वडीवर स्वतः पाणी ओतलं.  पांढरं पाणी टेबलावरनं फरशीवर आलं आन् माझ्या पायाखाली गेलं. बाहेर नेलं तवा पाऊल फाटकापर्यंत पांढरं उमटत होतं. अव्वाला सांग, विभूती मिळाली. वजन काय जास्त न्हवतं.

आता तिनं जेवावं.

दाजींना म्हणावं, दूध जागेवर राहत न्हाय म्हणत होता ना, आता बघा. मोहोळला टिकलो न्हाय, गिरणीत टिकलो न्हाय. हितं मिठागरावर वर्सभर टिकणार हाय. भीती हाय, पण टिकणार हाय. तोवर तुमच्या मायेची गाठ अशीच घट्ट असू द्यावी.

तुमचा सोमलिंग