आमटी बिघडली म्हणून

भाईंदर (पश्चिम)
ऑक्टोबर १९९९

प्रिय पराग,

तुझ्या मित्राच्या, निहारच्या हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. आधी मुद्द्याचं सांगते. स्वप्नाली माझ्याकडेच आहे, आणि रविवारपर्यंत तिला मीरा रोडला परत पाठव असं जे तू हुकूम सोडल्यासारखं लिहिलंयस, ते होणार नाही. परवा तू दारावर लाथा घालत होतास तेव्हा मी आतून दाराला पाठ लावून उभी होते. वरचे शहा खाली उतरून ‘क्या हुआ बहेनजी’ विचारायला लागले म्हणून गेलास, नाहीतर दार मोडलं असतंस. चार पानी चिठ्ठी लिहिलीस, त्यात तिला किती भाजलंय हे एका ओळीनेही विचारलं नाहीस. म्हणून मीच सांगते. गळ्यापासून उजव्या खांद्यापर्यंतची कातडी सोलून निघाली आहे. पाठीवर चिमट्याचे तीन वळ आहेत. पोटातलं बाळ सुखरूप आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मलम लावताना ती ओरडत नाही, टॉवेल दाताखाली धरते. तो टॉवेल मी रोज धुते.

तू लिहितोस की तिने आमटी मुद्दाम बिघडवली. ‘आई, मला कशी आमटी लागते ते तुला माहीत आहे, दोनदा सांगून बघितलं, मग हात उचलला.’ वाचताना अक्षर तुझं दिसत होतं आणि आवाज तुझ्या बाबांचा ऐकू येत होता. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली तरी.

सत्त्याऐंशी साली आपण लालबागची खोली सोडून इथे आलो तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. दोन खोल्या, गॅलरी, समोर मिठागरं. मला वाटलं होतं, जागा मोठी झाली की माणसाचा रागही जरा पसरून पातळ होईल. कसलं काय! पहिल्याच महिन्यात भाकरी कडक झाली म्हणून त्यांनी माझा हात तव्यावर दाबून धरला. पुढच्या वर्षी आमटीत आमसूल जास्त झालं म्हणून तांब्या फेकून मारला, त्यात दात गेला. तू लोकांना सांगायचास, आई बाथरूममध्ये घसरली. मीच तुला तसं शिकवलं होतं. आणि तुला आठवतं का रे, ते ऑफिसातून यायच्या आधी तू ओट्याजवळ येऊन प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखायचास आणि म्हणायचास, आई, मीठ बरोबर आहे, घाबरू नकोस. बारा वर्षांचं पोर माझ्या पाठीसाठी चव बघत होतं. कधी कधी वाटतं, तेवढा एक पराग मला परत मिळाला तर बाकी काही नको.

पण तोच तू सोळाव्या वर्षी पहिल्यांदा ताट सरकवलंस. कारल्याची भाजी होती. मी काय केलं? हसले, आणि तुला गरम पोळीवर तूप-साखर घालून दिली. वाटलं, वयात आलेला मुलगा आहे, नखरे करणारच. मग पोळी तव्यावरून थेट ताटात लागायला लागली, भात मोकळाच लागायला लागला, आणि एक दिवस तू वाटी भिंतीवर आपटलीस. मी भिंत पुसली आणि तुझ्या बाबांना सांगितलं नाही. तुला वाचवलं असं वाटलं होतं. मूर्ख बाई मी, दुसरं काय.

आणि सर्वात मोठा मूर्खपणा ऐक. तुमच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी मी स्वप्नालीला एक कागद लिहून दिला. परागला काय आवडतं, काय आवडत नाही. कारलं नाही. आमटीत गूळ सुपारीएवढा, आमसुलं तीनच. लोणचं ताटात डावीकडे. पोरगी किती खूश झाली होती, तिने तो फळीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला. सासू सुनेला साडी देते, दागिना देते, मी माझी भीती दिली, तीही सुवाच्य अक्षरात. असा कागद का लिहावा लागतो, हे मात्र सांगितलं नाही. लाज वाटली.

आता त्या मंगळवारचं. तुला माहीत नाही ते सांगते. आठ दिवस तिला फोडणीचा वास सहन होत नव्हता, पाणीसुद्धा उलटून पडत होतं. तू ऑफिसला गेल्यावर तिने खालच्या बूथवरून मला फोन केला. मी रिक्षाने आले. डाळ मी शिजवली. फोडणी मी दिली. गूळ, आमसुलं, सगळं माझ्या हाताने, पंचवीस वर्षं घालते तसंच. निघताना तिला बजावलं, मी केली म्हणून सांगू नकोस, नाहीतर आईला राबवतेस म्हणेल. तुझीच म्हणून वाढ, खाऊन खूश होईल.

तिने ती संध्याकाळी उकळती गरम करून तुला वाढली. तू एक घास घेतलास, माझ्या आईकडे जाऊन शिकून ये म्हणालास, आणि गॅसवरचं पातेलं उचलून तिच्या अंगावर रिकामं केलंस. मग चिमटा घेतलास.

पराग, ती आमटी माझी होती.

तिने मार खाताना एकदाही हे तोंडातून काढलं नाही. मी विचारलं, का गं नाही सांगितलंस, निदान हात तरी थांबला असता. तर म्हणाली, “मग ते तुमच्यावर धावून आले असते, आई.” मी तोंड लपवायला मोरीत गेले. भडभडून आलं, आणि तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर तोच चिमटा मी तुझ्या पाठीत घातला असता. खोटं कशाला बोलू.

त्या रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात घण घालते आहे. इतकी वर्षं मी मीठ कमी करत होते, जास्त करत होते, आमसुलं मोजत होते. राई गावातली शांती तेव्हा मागच्या दाराने मला सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी आणून द्यायची, आठवते ना? मला काय आवडतं हे विचारणारी जन्मात ती एकटी. एकदा माझा सुजलेला डोळा बघून तिने माझी आमटी बोटाने चाखली आणि म्हणाली, “आमटी बरी हाय गो तुझी. मानूस बरा न्हाय.” मी तिच्यावरच रागावले होते. महिनाभर बोलले नाही.

इथे आल्यावर स्वप्नालीला विचारलं, काय खाशील. तर तुझ्याच आवडीचं सांगायला लागली. तीनदा विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, लसूण जास्त घातलेलं पिठलं आणि मऊ भात. आता रोज तेच करते. उजवा हात उचलवत नाही म्हणून मी भरवते. काल म्हणाली, मीठ थोडं कमी आहे. आणि एकदम दचकून माझ्याकडे बघायला लागली. मी मीठ आणून घातलं. एवढंच असतं रे ते. मीठ कमी असलं तर घालायचं असतं.

हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. आज सकाळी मी तिला घेऊन पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराला वाटलं, जळालेली सून आणि सोबत सासू, म्हणजे आरोपी मीच. मला बाजूला उभं राहायला सांगितलं. मी म्हटलं, सासू मीच आहे साहेब, पण मी तिच्या बाजूने साक्ष द्यायला आले आहे. मग सगळं सांगितलं. तुझं, आणि तुझ्या बाबांचंही, तव्यापासून दातापर्यंत. माझी आई मला दर वेळी जरा चवीचं बघत जा असं सांगून परत पाठवायची, तेही सांगितलं. साहेबांनी विचारलं, पोटच्या मुलाविरुद्ध कोर्टात उभं राहायची तयारी आहे का, नंतर फिरणार तर नाही ना? मी हो म्हणून सही केली. उद्या ते तुझ्याकडे येतील. पळू नकोस, खोटं बोलू नकोस. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून आजच लिहून निहारच्या हाती पाठवते आहे. तारीख पडेल त्या दिवशी मी तिचा हात धरून येईन आणि तुझ्याकडे बघत सगळं पुन्हा सांगेन.

तरीही तुझीच,
आई