खापरपणजीचे मास्तर

हायडेलबर्ग, गुरुवार संध्याकाळ

आज सेमिनारमध्ये प्रबंधाचं प्रकरण वाचलं. १८९८ साली अमेरिकेने फिलिपिन्स का घेतलं? चीनच्या बाजारासाठी, आरमाराच्या तळासाठी. आणि तिथल्या लोकांना 'शहाणं' करायला. व्यापार एका भागात, शाळा दुसऱ्या भागात, असं नीट मांडलं होतं. प्राध्यापक 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाले. मी खूश.

मग मारिसेल बोलली. ती मनिलाची, ऑफिसात माझ्या शेजारी बसते. "माझ्या खापरपणजीला एका अमेरिकन सैनिकाने वाचायला शिकवलं. त्याच्याच पलटणीने तिच्या भावाला गोळी घातली होती. आजी सांगते, त्या मास्तरांबद्दल ती मरेपर्यंत प्रेमाने बोलायची. भावाबद्दल कधीच नाही."

तो सैनिक ढोंगी होता असं म्हणता आलं असतं, तर किती सोपं झालं असतं. पण तो मनापासून शिकवत असणार. हेच जास्त बोचतंय.

येताना ट्राममध्ये तिला विचारलं, "हे प्रकरणात घालू का?"

"घाल," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण भावाचं नाव विचारू नकोस. आमच्या घरात ते कोणालाच माहीत नाही."