पिसांची माशी

भुजंगदादा,

परवा कोंबडा कापला. त्याची लाल पिसं बघून हात शिवशिवले. लग्नानंतर पहिल्यांदाच गळावर पिसांची खोटी माशी बांधली, येलदरीच्या धरणावर तू शिकवलीस तशी. माशाला ती खरी वाटंल का, ठावं न्हाई. मांजर मात्र टपून बघायलंय.

बापाच्या शेतात माझा हिस्सा मागितला तवापासून तू बोलत न्हाईस. मागितला ते बरोबरच केलं, परत मागीन. पण शेवटची गाठ मारताना दोऱ्यावर बोट दाबून धरायला तू असायचास. आता तिथं कपड्याचा चिमटा लावते. चिमटा लय बरा हाय, रुसत न्हाई.

फक्त "हळू ओढ, येडे" म्हणत न्हाई.

हे टपालात टाकणार न्हाई. आधी तू बोलायचं.

दैवशाला, बोरी