गीताबाईच्या गालातला धुरा

माये,

तुझ्या पायाले हात लावून लिहून राहिली. मी मजेत आहो, जेवण वेळेवर होते. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर सांगितलं असतं, पण तू मधातच रडतेस.

साक्षगंधानंतर आपल्या निशाच्या दाताच्या स्कॅनमध्ये गालाच्या हाडात काहीतरी दिसलं, म्हणून गीताबाईनं आपण तिच्या पोराले घातलेली अंगठी वापस पाठवली होती ना? मी तिले किती समजावलं, का हा रोग नाई. गालाच्या हाडात सगळ्याईलेच पोकळी असते. कोणाकोणाच्या पोकळीत हाडाची पातळ भिंत असते, धानाच्या दोन बांध्यांच्या मधात मातीचा धुरा असते तशी. तिनं ऐकलंच नाई.

काल तीच बाई नागपूरले आमच्या दाताच्या दवाखान्यात आली, दात बसवाले. स्कॅन मीच पाहिला. तिच्याही गालात धुरा, निशापेक्षा मोठा!

तिले घाबरवावं वाटलं, माये. लय वाटलं. तिले बाहेर बाकावर चांगलं ताटकळत ठेवलं, मग खरं तेच सांगितलं, "काही नाई. आमच्या निशाले आहे, तेच तुमाले आहे."

बाईचं तोंड पाहाले तू पाहिजे होती.

जाताना हळूच म्हणते, "निशाचं कुठं जमलं नसंल तं..."

मी म्हटलं, "पाहू. पहिले तुमच्या स्वप्निलचा स्कॅन काढून आणा."

निशा पोटभर जेवते का आता? हे पत्र तिच्याकडूनच वाचून घे, अन् स्वप्निलची ओळ दोनदा वाचाले लाव.

तुझीच,
रेणू