सोबतचा माणूस

३ जानेवारी
संडासला परत रक्त. मूळव्याधच असणार. बत्तीस वर्षं ऑफिसच्या खुर्चीत बसल्यावर दुसरं काय होणार? तरी बाभुळगावहून यवतमाळला जाऊन दाखवून आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूळव्याध दिसत नाही, कोलोनोस्कोपी करू. नवीन कॅमेरा आला आहे म्हणे, निळ्या उजेडात आतड्यातली अगदी सुरुवातीची चपटी गाठसुद्धा सापडते. खुशाल करा म्हटलं. मी घाबरणारा माणूस नाही.
फॉर्मवर एक रकाना: सोबतचा माणूस. गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळे कुणीतरी लागतंच. सध्या रिकामा ठेवलाय. इतक्या ओळखी, नाव नेमकं कुणाचं टाकावं?

४ जानेवारी
शांतपणे यादी केली.
पियूष: मुलगा. एका फोनवर पुण्याहून धावत येईल. म्हणूनच करत नाही.
घनश्याम: शेजारी. अख्ख्या गावात बोभाटा होईल.
राजदीप: ऑफिसमधला जुना दोस्त. एकदम योग्य.
भावसिंग: वारला. नाव लिहून झाल्यावर आठवलं.
बायको, सुचित्रा, असती तर यादी करावीच लागली नसती. तीन वर्षं झाली तिला जाऊन. घर फार मोठं वाटतं.

७ जानेवारी
राजदीपला फोन केला. पाऊण तास त्याच्या गुडघ्यावर चर्चा. माझा विषय काढायला जागाच मिळाली नाही. उद्या नक्की.

१० जानेवारी
काल-परवा राहूनच गेलं. राजदीप कॅन्सल, गुडघेवाल्याला कुठे जिने चढायला लावायचं? एकटाच मॅनेज करीन. प्लॅन तयार आहे.

१२ जानेवारी
काल दिवसभर नुसतं पाणी आणि तपासणीआधी पोट साफ करायची ती पावडर. रात्रभर संडासातच मुक्काम. सकाळी एसटीत जीव मुठीत धरून बसलो.
रकान्यात पियूषचं नाव टाकलं, नंबर माझा. राखी सिस्टरला सांगितलं, मुलगा खाली गाडी लावतोय. चाळीस मिनिटांनी तिनं त्याला फोन लावला. माझ्याच खिशात वाजला.
ती म्हणाली, काका, घरी जा अन् खराखुरा माणूस घेऊन या. रागावली नाही, ते जास्त लागलं. नवीन तारीख एकवीस.
घरी आलो तर कोकिळावहिनी, घनश्यामची बायको, दारातच उभी. म्हणाली, वावरात रोडगे लावले, वांग्याची भाजी हाय, चाला. वर्षभरातलं पहिलं बोलावणं. गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले चार रोडगे हाणले. पाचव्याला घनश्यामला सगळं सांगून टाकलं. तुपाचा परिणाम असावा. तो म्हणाला, भाऊ, मले काहून नाही सांगतलं? मी काय मेलो होतो?

२१ जानेवारी
घनश्याम आला. गावात बोभाटा नाही.
निळ्या उजेडात गाठ सापडली. चपटी, ज्वारीच्या दाण्याएवढी. साध्या उजेडात कदाचित सुटली असती म्हणे. तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवली. मला आधीपासूनच शंका होती.

२८ जानेवारी
रिपोर्ट आला. अगदी सुरुवातीची होती, निघाली, वर्षानं परत बघायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वडिलांना अशी गाठ निघाली तर मुलांनीही तपासून घ्यावं.
म्हणजे पियूषला फोन करायला आता सरकारी कारण आहे. त्याला इथेच बोलवतो. आठ दिवस राहील. सोबतचा माणूस मी. गादी उन्हात टाकली, त्याचा कप घासून ठेवला.

२८ जानेवारी, संध्याकाळ
फोन केला. पियूषची तपासणी मागच्या वर्षीच झाली. त्यालाही एक गाठ निघाली होती, साधी. सोबत सूनबाई मिताली गेली होती.
बापाला कळवायचं नाही का, असं जरा चढ्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, तेच सांगायले फोन केलता बाबा. तुम्ही म्हणाले, कामात हाओ, मंग बोलू.
मागच्या वर्षी मला काय काम होतं, ते तासभर आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. गादी आत आणली.