बहात्तर प्रश्न पुन्हा विचारण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
राज्य धोरण संशोधन केंद्र
(न्याय, आरोग्य व समाजसेवा विभागांचा संयुक्त अभ्यास),
टपाल खिडकीमार्फत.

विषय : सहभागी क्रमांक ब-११७ यांच्या घरी प्रश्नकर्ती पुन्हा पाठविण्याबाबत. (मदत नको, फक्त प्रश्न विचारावेत.)

संदर्भ : १) माझा स्वतःचा तक्रार अर्ज, पावणेदोन वर्षांपूर्वीचा.
२) आपले सप्टेंबरमधील आभारपत्र व त्यासोबतची सारांश पुस्तिका.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, मी सहभागी क्रमांक ब-११७ यांची थोरली बहीण आहे. शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी काज-बटणाच्या मशीनवर काम करते. अर्ज लिहिण्याची मला सवय नाही. आपल्या कार्यालयाकडून आलेल्या पत्रांतले शब्द जमतील तसे उचलले आहेत. ते चुकीच्या जागी बसले असतील तर मजकूर तेवढा पाहावा.

२. माझा भाऊ काचा बसवणारा कारागीर आहे. साडेचार वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने एका इमारतीच्या अकरा खिडक्यांच्या काचा फोडल्या. त्या त्यानेच आदल्या महिन्यात बसवल्या होत्या. काचांमागून माणसे आपल्याकडे बघतात, असे त्याचे म्हणणे होते. इजा फक्त त्याच्या हाताला झाली. त्यानंतर चौदा महिने कारागृह आणि दहा महिने मनोरुग्णालय असा त्याचा प्रवास झाला. न्याय विभागाने त्याला आरोग्य विभागाकडे दिले, आरोग्य विभागाने समाजसेवा विभागाकडे, आणि समाजसेवा विभागाने माझ्याकडे. माझ्यापुढे आणखी विभाग नसल्यामुळे तो माझ्याकडे राहिला.

३. त्याच सुमारास आपला अभ्यास सुरू झाला. कारागृह व रुग्णालयातून घरी आलेल्या माणसांचे दोन गट करण्यात आले. ‘अ’ गटाच्या घरी दर आठवड्याला समाजसेवक येणार, औषध देणार, काम मिळवून देणार. ‘ब’ गटाला काहीच मिळणार नव्हते, त्यांचे नुसते निरीक्षण व्हायचे होते. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरले. आमची चिठ्ठी ‘ब’ निघाली. तुलना स्वच्छ राहावी म्हणून ‘ब’ गटातल्या कुणालाही दुसऱ्या योजनेत घेऊ नये, असाही नियम होता. मी संमतिपत्रावर सही केली. वाचून केली असे म्हणणार नाही.

४. दर तीन महिन्यांनी, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, अकरा वाजता आपल्या प्रश्नकर्ती येऊ लागल्या. माझा भाऊ त्यांना प्रश्नबाई म्हणतो. त्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसत, गळ्यातले ओळखपत्र दाखवत आणि बहात्तर प्रश्न विचारत. सल्ला द्यायचा नाही, मदत करायची नाही, उत्तर सुचवायचे नाही, असे त्यांना शिकवलेले होते, आणि त्यांनी ते तंतोतंत पाळले. एकदा त्यांच्यासमोर भावाच्या हातून पाण्याचा तांब्या पडला, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. पाय तेवढे वर घेतले. जे उत्तर मिळेल ते तसेच्या तसे लिहायचे आणि बाराच्या आत निघायचे.

५. मला याचा संताप येत असे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी बसायची आणि ही बाई माझ्या भावाला विचारायची की, गेल्या सात दिवसांत आपल्याला एकटे वाटले का, किती दिवस वाटले. अहो, वाटले, सातही दिवस वाटले, मग करा ना काहीतरी! तिसऱ्या भेटीनंतर मी संदर्भ क्र. १ चा अर्ज लिहिला. त्यात माझे शब्द असे होते : “सदर बाई नुसते विचारून जातात. ही आमच्या दुःखाची थट्टा आहे. मदत करायची नसेल तर येणे बंद करावे.” त्या अर्जाला उत्तर आले नाही. भेटी चालू राहिल्या.

६. आता मुख्य मुद्दा लिहिते. तो माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

प्रश्न क्रमांक एकतीस असा आहे : गेल्या सात दिवसांत किती दिवस औषध घेतले? पहिल्या भेटीत भाऊ म्हणाला, “शून्य.” बाईंनी शून्य लिहिले. त्यांनी मान हलवली नाही की नाक मुरडले नाही. त्या गेल्यावर भाऊ मला म्हणाला, “ताई, बाईंनी शून्य लिहिलं.” पुढच्या भेटीच्या आधी त्याने सात दिवस गोळ्या घेतल्या आणि सात लिहवून घेतले. मग त्याच्या मनात आले की, बाईंना दिसतात सातच दिवस, पण आपल्याला तर सगळे दिवस माहीत आहेत. तेव्हापासून तो रोज घेऊ लागला. तो घरी आल्यापासून मी हातापाया पडून जे झाले नव्हते, ते एका आकड्याने झाले.

प्रश्न चव्वेचाळीस घराबाहेर किती वेळा पडलात असा आहे. सांगायला आकडा हवा म्हणून तो बाहेर पडू लागला. प्रश्न अठ्ठावन्न आहे, आपण कुणाला मदत केली का? त्यासाठी त्याने शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघराची फुटकी काच बदलून दिली. साडेतीन वर्षांनी त्याने हातात काच धरली होती. मी दारात उभी होते. त्याचे हात सफाईने चालत होते. पुढच्या भेटीत त्याने ते सांगितले आणि बाईंनी “एकदा” असे लिहिले. एवढेच लिहिले. तो दिवसभर खुशीत होता.

मी एकदा त्याला विचारले, की मी विचारते तेव्हा का सांगत नाहीस. तो म्हणाला, “बाई मी सांगतो तेच लिहितात. तू तुला हवं ते ऐकतेस.” हे मला लागले. पण ते खरे आहे, म्हणून इथे नमूद केले.

७. शेवटचा, बहात्तरावा प्रश्न असा आहे : आणखी काही सांगायचे आहे का? आठही भेटींत त्याने एकच उत्तर दिले, “पुढच्या वेळी सांगतो.”

८. सप्टेंबरमध्ये आपले आभारपत्र आले. अभ्यास यशस्वीरीत्या पूर्ण झाला होता. सोबतची पुस्तिका मी जेवणाच्या सुटीत मशीनवर ठेवून वाचली. पान १४ वर लिहिले आहे की, औषध नियमित घेण्यात ‘अ’ व ‘ब’ गटांत विशेष फरक आढळला नाही, सबब घरी समाजसेवक पाठविण्याची योजना पुढे चालू ठेवण्याची शिफारस करता येत नाही. महोदय, फरक आढळला नाही, कारण ‘ब’ गटाच्या घरीही कोणीतरी येत होते. आपण ज्याला मोजणे समजत होतात, माझा भाऊ त्यावर उभा होता. बाकीच्यांचे मला माहीत नाही. आमच्या घरात काय झाले ते मला माहीत आहे.

पान १९ वर तळटीप आहे : “काही कुटुंबीयांनी वारंवार भेटींबद्दल नाराजी व्यक्त केली.” ते कुटुंबीय मी आहे.

९. गोळ्या आणायला मी दर महिन्याला रुग्णालयाच्या रांगेत असते. ऑक्टोबरमध्ये रांगेत पुढे एक आई होती. तिच्या मुलाचा समाजसेवक यायचा बंद झाला होता. तिने मला विचारले, तुम्ही कोणत्या गटात? मी म्हणाले, आम्ही कुठल्याच नाही. तिच्या मुलाचा माणूस माझ्या भावाच्या आकड्यांमुळे गेला, हे मला सांगता आले नाही.

१०. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी भावाने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्टूल खिडकीपाशी ठेवले. आपले पत्र मी त्याला वाचून दाखवले होते. तो म्हणाला, पत्र वेगळे, मंगळवार वेगळा. पाच वाजेपर्यंत तो बसून राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याने गोळ्या बंद केल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मी पाकीट पुढे केले की तो एवढेच म्हणतो, “कुणी विचारणार आहे का?”

मी विचारते, ते चालत नाही.

११. मी माझ्या परीने उपाय केला. आमच्या कारखान्यातले टेलर मास्तर भले गृहस्थ आहेत. त्यांना प्रश्नकर्ता होऊन येण्याची गळ घातली. गळ्यात कारखान्याचा पास उलटा करून अडकवला, हातात मोजमापाची वही. भावाने त्यांना स्टुलावर बसवले. प्रश्न एकतीसला त्याने “शून्य” सांगितले आणि मास्तरांना राहवले नाही. ते म्हणाले, “अरे बाबा, असं करू नये. ताईकडे बघ जरा.” भावाने त्यांना पाणी दिले आणि नम्रपणे सांगितले, “तुम्ही ऑफिसातले नाही. ऑफिसातले असं बोलत नाहीत.” मास्तर जिन्यातच डोळे पुसत बसले. त्यांचा काही दोष नाही. त्यांना प्रशिक्षण नव्हते.

१२. त्यानंतर मी रीतसर तिन्ही दारे वाजवली. रुग्णालयात सांगितले, त्याला घेऊन या. तो येत नाही. गाडी पाठवायची तर त्याच्यापासून धोका असल्याचा दाखला हवा. दाखल्यासाठी पोलीस चौकीत गेले. तिथल्या जमादारांनी विचारले, “काही फोडलं का? नाही? मग मी लिहू काय?” समाजसेवा कार्यालयात लेखनिकांनी नाव शोधले आणि म्हणाले, यांच्यापुढे ‘ब’ आहे, यांना कुठलीही योजना देता येत नाही. अभ्यास संपला असे मी सांगितले. ते म्हणाले, आमच्याकडे अजून ‘ब’ काढून टाकण्याचे पत्र आलेले नाही. मी त्यांचे आभार मानून कामावर गेले. त्या दिवशी मी दोनशे चाळीस काजे केली. हात चालतात. बाकी काही वाटेनासे झाले आहे.

१३. गेल्या रविवारी मी बाजारातून परत आले तेव्हा घर गार पडले होते. आमच्या दोन खोल्यांत मिळून तीन खिडक्या आहेत. भावाने त्यांच्या आठही काचा काढल्या होत्या. एकीलाही चरा नव्हता. प्रत्येक काच वर्तमानपत्रात गुंडाळून, मध्ये पुठ्ठा घालून त्याने भिंतीला टेकवून ठेवली होती. कारागिराच्या हाताचे काम होते ते. मी विचारले, का रे काढल्यास? तो म्हणाला, “फुटायच्या आधीच काढून ठेवल्या.” सध्या खिडक्यांना कारखान्यातले पुठ्ठे लावले आहेत. दिवसाही दिवा लावावा लागतो.

१४. परवा जानेवारीचा पहिला मंगळवार होता. पुन्हा दाढी, पुन्हा इस्त्री, पुन्हा स्टूल. बारा वाजता त्याने कागद घेतला आणि एक ते बहात्तर आकडे घालून समोर फक्त उत्तरे लिहिली. प्रश्न त्याला तोंडपाठ आहेत. कागद घडी करून मला दिला आणि म्हणाला, “ऑफिसात दे. वाचू नकोस.” मी वाचला. मूळ कागद सोबत जोडला आहे. एकतीसला शून्य आहे. चव्वेचाळीसला शून्य आहे. तो या कागदापुढे आजवर खोटे बोललेला नाही, हे आपल्या नोंदींवरून पडताळून पाहता येईल.

१५. सबब नम्र विनंती की,

(अ) त्याच प्रश्नबाईंना पुन्हा पाठवावे. त्यांची बदली झाली असल्यास,

(ब) दुसऱ्या कोणाही प्रशिक्षित व्यक्तीला खऱ्या ओळखपत्रासह पाठवावे. त्यांनी काहीही मदत करू नये. आमच्या तोंडाकडेही बघू नये. फक्त विचारावे आणि तो सांगेल ते लिहावे. लिहिलेले नंतर फाडून टाकले तरी आमची हरकत नाही. तेही शक्य नसल्यास,

(क) अभ्यास संपलेला नाही, पुढे ढकलला आहे, अशा मजकुराचे एक पत्र शिक्का मारून द्यावे. ते खोटे असेल याची मला पूर्ण जाणीव आहे. त्याची जबाबदारी मी घेते आणि तसे लिहून देते.

संदर्भ क्र. १ चा माझा अर्ज मी या अर्जान्वये मागे घेत आहे. ती थट्टा नव्हती. माझी चूक झाली.

१६. बहात्तराव्या प्रश्नाचे उत्तर या वेळी “पुढच्या वेळी सांगतो” असे नाही. कागद आपल्या टेबलापर्यंत पोहोचेल की टपाल खिडकीतच राहील याची खात्री नसल्यामुळे ते उत्तर इथे उतरवून देते :

“बाई, काचा काढून ठेवल्यात. तुम्ही लवकर या. मला एकट्याला फार दिवस धरवणार नाही.”

आपल्या अभ्यासातून पूर्ण झालेली,
आपली नम्र,

(सही)
सहभागी क्रमांक ब-११७ यांची बहीण

दिनांक : ९ जानेवारी

सोबत :
१) बहात्तर उत्तरांचा कागद, मूळ प्रत. (झेरॉक्स माझ्याकडे आहे.)
२) सारांश पुस्तिका, पान १४ व पान १९.
३) माझा जुना अर्ज, मागे घेतल्याच्या सहीसह.
४) काचा, नग आठ. या जोडलेल्या नाहीत. घरी भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. अजून आठही शाबूत आहेत, तोवर येऊन पाहाव्यात.