झडपेची रबरी रिंग

परभणी, गुरुवार, संध्याकाळ

दवाखान्यातून आत्ताच आले. गौतमदादाचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं.

वर्कशॉपमधल्या ज्या पंपामुळे हे झालं, तो मागच्या दुरुस्तीला मीच खोलून जोडला होता. तो दुसऱ्या यंत्रातली हवा खेचून घेतो; आत इतकी थंडी की ती हवा गोठून बसते. पंप बंद केला की थंडी ओसरते, तीच हवा पुन्हा फुगते आणि झडपेतून बाहेर पडते. त्या झडपेची रबरी रिंग बदलायची होती. नवी आली नव्हती, म्हणून जुनीच पुसून बसवली आणि कागदावर ‘बदलली’ लिहिलं. का लिहिलं? नुसती घाई?

सोमवारी वर्कशॉपमध्ये दादाने पंप तपासून बंद केला. जुन्या रिंगला झडप चिकटली, उघडलीच नाही आणि हवा आत कोंडली. बाजूचं झाकण उडालं ते थेट त्याच्या तोंडावर. बांगडीपेक्षा लहान रिंग ती.

आज त्याने विचारलं, “सुनंदा, रिंग बदलली व्हतीस ना?”

“न्हाई दादा. खोटं लिवलं मी.”

तो म्हणाला, “तुझ्या वहिनीला तूच सांग. मला न्हाई जमायचं.”

वहिनी बाहेर बाकड्यावर होत्या. सुनंदाने लगेच दवाखान्यात आणलं म्हणून जीव वाचला, असं त्या तीन दिवस येईल त्याला सांगत होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. मी रोज त्यांच्यासाठी आणायचे तो जेवणाचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

“उद्यापासून डबा आणू नको,” म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.